अंकितची शेरवानी आणि आमचा ठराव

श्री. कृष्णकांत भाऊजी यांस नंदनवनहून रामाजी टेलरचा नमस्कार. भिवापूरला आपण सारे खुशाल असाल. (दीप्तीचे गुडघे कसे आहेत, हे ती माझी बहीण असूनही मला खरे सांगत नाही, आपण कळवावे.)

आपला अंकित लग्नाची शेरवानी मोबाइलवर फोटो काढून, त्या मापाने मागवणार, असे कानावर आले. भाऊजी, आपल्या दोन्ही घरांतल्या प्रत्येक नवरदेवाचे कापड सव्वीस वर्षे मीच बेतत आलो. कोणा उस्तादाकडे शिकलो नाही, जुने कोट उसवून शिकलो. हा मान मी मोबाइलला देणार नाही.

आमच्या टेलर असोसिएशनने या मोबाइलच्या मापांविरुद्ध आधी मोर्चा ठरवला, पण लग्नसराईत मोर्च्याला वेळ कोणाला? मग सचिव या नात्याने मी जाहीर सामना ठेवला. माप द्यायला नत्थू हलवाई. मी त्याची कंबर बेचाळीस लिहिली, मोबाइलने चाळीस सांगितली. पंचांनी टेप लावला, तर चाळीस. आता टेप दिसला की गिऱ्हाईक पोट आत ओढते (फोटोलाही ओढते), म्हणून आम्ही दोन इंच गुपचूप वाढवून लिहितो. भर सामन्यात हात सवयीने चालला. पंच किराणावाले, त्यांना हे कुठून ठाऊक? वर नत्थू म्हणतो, "मास्तर, मोबाइलनं मले बारीक म्हटलं, तुम्ही काहून जाडा करून राहिले?"

मोबाइलच्या त्याच मापाची पँट घालून तो पुढच्या रविवारी सक्करदऱ्यात पंगतीला बसला आणि दुसऱ्या वाढीलाच मागची शिवण सुटली. पंचांनी याची नोंद घेतली नाही.

असोसिएशनने घेतली. एकमताने ठराव झाला, मसुदा स्वल्पविरामांसकट माझा: मोबाइलच्या मापाने शिवलेले कापड कोणताही सभासद दुरुस्त करणार नाही, केल्यास सभासदत्व रद्द. तेव्हा अंकितला मंगळवारी पाठवा. पंधरा मापे घेईन, एकही कमी नाही.

आपला,
रामाजी

ता. क. आत्ताच दीप्तीचा फोन आला. शेरवानी कालच घरी पोचली आणि काखेत अडकते म्हणे. अडकणारच.

दुसरा ता. क. अंकितसोबत ती शेरवानीही पाठवा. खोक्यात नको, पिशवीत तळाशी ठेवून वर मिरच्या भरा. आमच्या गल्लीत अकरा सभासद राहतात. बाह्या उसवून नीट करीन आणि कंपनीचे लेबल काढून माझे लावीन. म्हणजे ती माझीच शेरवानी झाली, आणि स्वतःचे काम दुरुस्त करायला ठरावात मनाई नाही. मी दोनदा वाचून पाहिला.