दादाची नक्कल आणि अप्पांचे तीन चेंडू

प्रिय दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खुर्चीत बसूनच, कंबर धरलीय.) तू, वहिनी आणि पोरं खुशाल असाल असं धरून चालते. आम्हीही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोनच करणार होते, पण फोनवर तू "बघतो, कळवतो" म्हणतोस आणि मग बोलायला काही उरत नाही. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय. कागदाला मधेच तोडता येत नाही.

तर अप्पांचं पोटाचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. टाके उत्तम, डॉक्टर खूश. नाखूश आहे ती फिजिओ. तिने अप्पांना प्लास्टिकचं एक यंत्र दिलंय. त्यात तीन खणांत तीन चेंडू असतात, नळीतून श्वास आत ओढला की वर चढतात. तिन्ही चढले पाहिजेत, नाहीतर छातीत कफ साठेल आणि पुन्हा ऑक्सिजन लावावा लागेल, असं तिने स्वच्छ सांगितलं. अप्पांनी हे पोरांचं खेळणं आहे असं जाहीर केलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. टाके दुखतात म्हणून श्वास ओढवत नाही, पण कबूल करतील तर ते अप्पा कसले.

मग फिजिओनेच तोड काढली. माणूस पोटभर हसला की नंतर आपसूक खोल श्वास घेतो, तेवढ्यात नळी तोंडात सरकवायची. (टाक्यांवर ताण नको म्हणून पोटाशी उशी आवळून हसायचं. हसायलासुद्धा किती तयारी लागते बघ.) मी विनोदांचं पुस्तक आणलं, अप्पांनी ते डोळ्यांवर उजेड नको म्हणून वापरलं. आमच्या ह्यांनी त्यांचा ठेवणीतला विनोद सांगितला, त्यावर शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ झोपी गेले. शेवटी वैतागून मी तू फोनवर कसा बोलतोस ते करून दाखवलं. चष्मा कपाळावर, एक हात खिशात, येरझाऱ्या, आणि "हो अप्पा, मीटिंगमध्ये आहे अप्पा, बघतो, कळवतो." अप्पा असे हसले की उशी खाली पडली, आणि तिन्ही चेंडू टणाटण वर.

मग काय, तुझा खेळ रोजचाच झाला. सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन थांबायच्या, शेजारचे गृहस्थ फर्माईश करायचे. मला चेव आला आणि तिथेच माझं चुकलं. परवा मी एक नवा प्रवेश घातला. अप्पा विचारतात, येणार कधी? मग तू घसा खाकरतोस, फोन या कानाचा त्या कानाला लावतोस, आणि आवाज नीट येत नाही म्हणतोस. अख्खा वॉर्ड हसला. अप्पाही हसायला लागले आणि मधेच थांबले. उशी बाजूला ठेवून म्हणाले, "पुरे गं. तो खरंच असं करतो."

तेव्हापासून चेंडू तळाशी आहेत. मी फिजिओचीही नक्कल करून पाहिली, अप्पा हसले नाहीत आणि ती मात्र रागावली. आज डॉक्टरांनी त्यांची छाती बराच वेळ तपासली आणि एक्स-रे काढायला सांगितला. दादा, मला फार वाईट वाटतंय. छान लागू पडलेलं औषध मी माझ्या हाताने नासवलं. जे अप्पा बिचारे हसण्यावारी नेत होते, तेच मी त्यांच्यापुढे आणून उभं केलं.

तुला बोल लावत नाही. कामं असतात, कळतं मला. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. : तू येण्याची काही गरज नाही. उगीच धावपळ करू नकोस.

आणखी एक ता. क. : वरचा ता. क. अप्पांनी सांगितला आणि मी लिहिला की नाही ते चष्मा लावून तपासलं. आता त्यांचा डोळा लागलाय. ये दादा. हसवायचं वगैरे काही नको, नुसता समोर येऊन उभा राहा.

शेवटचा ता. क. : अप्पा उठले. फोटो गेला का, विचारलं. पाठवतेच आहे म्हटलं, तर आपणहून यंत्र मागून घेतलं. एकच चेंडू चढला, तोही अर्धा. म्हणाले, "तो आलाच, तर मी असा दिसायला नको."