तीनशे बारा नव्हे, आठ

१४ मार्च

प्रिय ताई,

तुझा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. बाबा पेपर उलटा धरून वाचतात, हे वाचून आधी हसले. मग पत्र घडी घालून ठेवलं.

इथे सगळं ठीक. प्रयोगशाळेच्या खिडकीचं दार अजून लागत नाही, त्यामुळे सर्दी कायमची पाहुणी.

मागच्या पत्रात मी तीनशे बारा पेशींची केवढी फुशारकी मारली होती! औषधाने उंदरांच्या मेंदूतल्या आठवणीच्या पेशी पुन्हा जाग्या होतात म्हणून. आमच्याकडे आकडे तपासणारे एक गृहस्थ आहेत. आम्ही त्यांना शंकासूर म्हणतो. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "पेशी ठीक, पण उंदीर किती?"

"औषधाचे चार, बिनऔषधाचे चार."

"मग तुमच्याकडे आठच आहेत, बाई."

मी चिडलेच. "पेशी न् पेशी मी स्वतः मोजलीय!"

"मोजलीत हो. पण एका उंदराच्या पेशी म्हणजे सख्ख्या बहिणी. एकीला विचारलं की दुसरीचं उत्तर निम्मं कळतं."

म्हणजे तू नि मी पालीला भितो, म्हणून सगळं जग भितं म्हणण्यातला प्रकार. कोणती पेशी कोणत्या उंदराची, हे धरून पुन्हा गणित मांडलं. सगळा फरक एका तरतरीत उंदरामुळे दिसत होता. त्याच्या एकट्याच्याच नव्वद पेशी होत्या! औषध वाईट आहे असं नाही, ताई. पण ते चालतं असं म्हणायला माझ्याकडे काही उरलं नाही. शोधनिबंध मी मागे घेतला.

आता जे लिहायला दोन पानं टाळाटाळ केली ते. 'वर्षभर कळ काढ, औषध येतंय' हे मीच लिहिलं होतं. त्या शब्दावर तू बाबांना सांभाळायला शिवणवर्गाची नोकरी सोडलीस. शंकासुराचा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. सुचला नाही, कारण मला तो नकोच होता. आणि औषध घेऊनच घरी येईन म्हणत राहिले, तेही पूर्ण खरं नाही. बाबांनी मला ओळखलं नाही तर, ही भीती होती.

तीन महिन्यांची रजा काढलीय. शनिवारी पोचते. वर्गात तुझी जागा अजून आहे का, विचारून ठेव. सकाळी तू कामावर जा, बाबांजवळ मी बसेन. त्यांनी कोण म्हणून विचारलं तर सांगेन. जितक्यांदा विचारतील तितक्यांदा.

रागाव, पण दार उघड.

रिकाम्या हातांनी येणारी,
तुझी धाकटी