आगीच्या डोंगरावरची टोपी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ज्येष्ठ, शके १८३२

प्रिय बसू,

तुझं पत्र पोचलं, बरोबरची शालही पोचली. शाल मी शेजारच्या बयाबाईला तिच्या म्हशीखाली अंथरायला देऊन टाकली. ती म्हणाली, ‘आक्का, येवढी भारी शाल म्हशीला कशाला?’ मी म्हटलं, तुझी म्हैस कुणाला फसवत न्हाय, तिला शोभतीया. तुला राग येईल. येऊ दे.

इथं दिवस मावळला की सगळी पेठ ते शेपटीचं शेंडेनक्षत्र बघायला रंकाळ्यावर जाते. कुणी म्हणतं दुष्काळ पडणार, कुणी म्हणतं राजाला वाईट. पोरं मात्र खूश. तूही लिहिलंयस, की या नक्षत्रापायी औंदा आगबोटी भरभरून येतायत. दिवसा पावण्यांना आगीच्या डोंगराचं धुमसतं तोंड दाखवतोस आणि अंधारलं की त्याच काठावर बसवून तारे दाखवतोस. गोरी माणसं तुला टोपी काढून रामराम करतात. महिन्यापूर्वी हे पत्र मी पेठभर मिरवलं असतं. आता रंकाळ्यावर वर माना करून उभी असलेली माणसं बघितली तरी मी तोंड फिरवून परत येते. त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नाही.

आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. माझ्या लग्नाच्या गाडीत तुलाही बसवून दिलं. सासरी पाठराखीण जाते, माझ्याबरोबर पाठराखा आला म्हणून गडहिंग्लजला सगळे हसले. तुझे दाजी हसले नाहीत. गुऱ्हाळावर काहिलीतला गूळ उतरवून झाला की तुला खांद्यावर घेऊन ते बाहेर उभे राहायचे आणि तारे दाखवायचे. हे तिकांडं, ते बाजलं आणि त्यामागचे तीन चोर. तू चोरांना भ्यायचास आणि दाजींचे केस मुठीत धरायचास. आज साहेबांना जे तारे दाखवतोस ना, ते तुला त्या माणसानं दाखवलेत, दुसऱ्या कुणी नाही.

मग तू समुद्रापार मोरसच्या बेटावर गेलास, तिथून पलीकडच्या त्या आगीच्या बेटावर. दाजींना लिहिलंस, इकडं उसाचे कारखाने आहेत, तुमच्यासारख्या गुळव्याला मान आहे. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, बसू एकटा हाय तिथं. गेले. मी लेकीला, रुद्राणीला, घेऊन कोल्हापूरला आपल्या माहेरच्या घरी आले. आणि दोन वर्षांपूर्वी तुझं पत्र आलं, की दाजी तापानं गेले, विधीला जंगम मिळाला, सगळं रीतीनं झालं, डोंगराच्या पायथ्याला चांगल्या जागी माती दिली. मी रडले, पण तुला दुवा दिला. परमुलखात माझ्या माणसाला माती मिळाली, ती माझ्या भावामुळं. तू धाडलेलं डोंगराच्या तोंडाचं चित्र मी चौकट करून सोप्यात लावलं. रोज त्याच्यापुढं दिवा लावत होते.

गेल्या पंधरवड्यात गौस परत आला. तुझ्या घोड्यांकडं असलेला, आपल्या गल्लीतल्या हुसेनबीचा गौस. तुझी खुशाली विचारायला मी त्याला बोलावलं. सोप्यात आला, चित्र बघितलं आणि उभाच राहिला. म्हणाला, ‘आक्का, ह्ये खाली उतरवा. हीच ती जागा हाय.’ मी विचारलं, कसली जागा? त्याला वाटलं होतं, मला माहीत आहे. मग सुटकाच नव्हती त्याला.

बसू, एका मडमेची टोपी वाऱ्यानं उडून काठाच्या आत, वाळलेल्या राखेवर पडली. पावण्यांची ओझी घेऊन तुझ्याबरोबर आलेले दाजी म्हणाले, तिथली जमीन पोकळ हाय, र्‍हाऊ दे. तू पावण्यांसमोर त्यांच्यावर ओरडलास. ओझ्याच्या हमालाला ओरडावं तसा. ते उतरले. वरची खपली फुटली आणि ते आत गेले. गौस सांगत होता, ‘हाक बी मारली न्हाय त्येंनी.’ ताप नव्हता, जंगम नव्हता, माती नव्हती.

तरीही मी म्हटलं, पोरगं घाबरलं असेल. आपल्या आक्काला कसं सांगायचं म्हणून खोटं लिहिलं असेल. मी एवढ्यावर तुला माफ केलं असतं, खरंच सांगते. पण गौसच्या तोंडून पुढचंही निघालं. त्या जागी तू खांब रोवलायस. खांबाला बायकी टोपी अडकवलीयस, उन्हापावसानं कुजली की नवी आणतोस. पावण्यांना तिथं गोल बसवतोस, कंदील बारीक करतोस आणि सांगतोस, की इथं एका हिंदू पुजाऱ्यानं गोऱ्या बाईच्या प्रेमापायी आगीच्या देवीला स्वतःचा बळी दिला. वर एक तारा दाखवतोस, तो त्याचा जीव म्हणून. बायका डोळे टिपतात. मग तिथंच चादर अंथरून बिस्किटं खातात.

गौस गेल्यावर मी मोरीत गेले. तुला मी या हातानं भरवलंय, ते हात मला घासावेसे वाटले. दाजींना मारलंस असं मी म्हणत नाही. वारा होता, जमीन फसवी होती. पण मेलेल्या माणसाला रोज संध्याकाळी बाहेर काढून त्याचा खेळ करणं, आणि खेळातसुद्धा त्याला त्याचं नाव न ठेवणं, याची मला शिसारी येते.

एवढं सगळं मी पोटात ठेवलं असतं. भाऊ एकच आहे, समुद्रापार आहे, म्हणून गप्प बसले असते. पण या पत्रात तू रुद्राणीला मागितलंस. मामाचा हक्क आहे, आपल्यात रीत आहे, बापाविना पोरीला मी सुखात ठेवीन, असं लिहिलंस. म्हणून हे पत्र. आक्काला लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. मी सांगितलं आणि रुद्राणीनं लिहिलं. गौसचं बोलणं तिनं आजच पहिल्यांदा ऐकलं. टोपीशी आल्यावर तिचा टाक थांबला. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे बाळ, दुसऱ्याकडून लिहून घेते. ती म्हणाली, ‘न्हाय, सांग पुढं.’ आता शेवटी मी तिला विचारलं, मामाला तुझं उत्तर काय लिहायचं? ती म्हणते, लग्नाचं उत्तर द्यायचीही मला किळस येते. एवढंच लिहिते, की पावण्यांना माझ्या आप्पांचं नाव सांगा. भीमाप्पा. गडहिंग्लजचे गुळवे. टोपी आणायला तुम्ही पाठवलेले.

तुझीच म्हणताना जीभ अडखळते, तरी तुझीच,
आक्का