पावाचं टोक

चँडलर (अमेरिका), १२ मार्च १९८७

अहो,

तुम्ही गेलात त्याला आज महिना झाला. पत्र टाकायला पत्ता नाही, तरी लिहितेय.

आपण पॅरिसला फिरायला गेलो होतो, तेव्हा तिथे कोट घातलेले साहेबसुद्धा बेकरीतून लांब पाव घेऊन, घरी पोचायच्या आत टोक मोडून खायचे. तुम्हीही मोडलंत. म्हणालात, "अगं, इथे असंच खातात!" मी भर रस्त्यात कडाडले, "सगळा उष्टा केलात! मी नाही खाणार." मग हॉटेलच्या खोलीत तुम्ही तो एकट्यानेच संपवलात.

आज इथल्या दुकानातून तसला पाव आणला. गाडीतच टोक मोडून खाल्लं. गरम नव्हता, पण छान लागला हो.

उरलेला ओट्यावर पडलाय. माझं उष्टं खायला घरात कुणी नाही.

तुमचीच,
सुलभा