मायच्या उशाचा तांब्या

वडवणी,
ता. ६ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप दादास,
शहादेवचा नमस्कार.

इकडे आम्ही बरे आहोत. सुरेखावहिनी आणि मुलं तिकडे बरी असतील. जिनिंग गेल्या आठवड्यात बंद झालं, कापूस संपला. आता दिवाळीपर्यंत मालक मला आणि वॉचमनलाच ठेवतो, त्यामुळे हाताशी वेळ आहे. ऊन वाढलंय. बोअरला पाणी आहे, पण दुपारी मोटर धरत नाही. शिवकन्येची कंबर दुखते. ते जुनंच आहे, मायला उचलायची तेव्हापासूनचं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. तू परवा दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. तुझा फोन गाडीत स्पीकरवर असतो आणि मला स्पीकरवर बोलायचं नाही. ग्रुपवर लिहावं तर तिथं सगळे पावणे आहेत, ते नुसते हात जोडल्याची चित्रं टाकतात. म्हणून कागद घेतला.

वर्षश्राद्धाचा तू टाकलेला बॅनर पाहिला. मायचा फोटो चांगला निवडलास. तू विम्याचं कार्ड आणून दिलंस त्या दिवशीचा आहे तो. तिच्या हातात कार्ड होतं, ते बॅनरवाल्यानं कापून टाकलंय. खाली लिहिलंस की कीर्तन, मग जेवण, आणि मातोश्रींच्या नावानं शय्यादान. सागवानी पलंग, गादी, उशा, छत्री, चपला, सगळं बीडहून येणार. पावण्यांनी लिहिलं, लेक असावा तर असा. त्यावर तू लिहिलंस, "जिवंतपणी मायला काही कमी पडू दिलं नाही, आता कसं पडू देईन?"

मी ते वाचलं आणि फोन शिवकन्येकडे दिला. तिनं वाचलं आणि भाकरी थापायला लागली.

ते शय्यादान या अंगणात होऊ द्यायचं की नाही, त्यासाठी हे पत्र आहे. आधी काही गोष्टी लिहितो. तुला माहीत असतील तरी वाच.

ते कार्ड माय पानाच्या चंचीत ठेवायची. आल्यागेल्याला काढून दाखवायची. "माझ्या अंगदाच्या कंपनीनं मला लिहून घेतलंय. म्हातारपणाची लई काळजी मिटली." पुढं तिला लघवी धरवेना. बरेच दिवस तिनं ते आमच्यापासून लपवलं. एक दिवस शिवकन्येला घेऊन रिक्षानं मेडिकलवर गेली, काठी टेकत. रामप्रसादच्या काउंटरवर कार्ड ठेवलं आणि म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाचे ते लंगोट दे."

रामप्रसादनं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "मावशी, हे इथं चालत न्हाई. दवाखान्यात झोपलं तर चालतंय. घरी झोपलं तर न्हाई."

"मंग घरी झोपलेलं माणूस काय कोरडं ऱ्हातंय का रं?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मायही हसली. रिक्षात बसल्यावर मात्र तिनं पदर तोंडावर घेतला तो घर येईपर्यंत काढला नाही.

मी तुला विचारलं होतं. तू म्हणालास, ते औषधात येत नाही, मी बघतो काहीतरी. नंतर गावाकडं आलास तेव्हा एक पुडा आणलास. मापानं लहान होता, तिच्या अंगाला बसेना. मी तुला कळवलं नाही, कारण ती म्हणाली, "अंगदानं आणलाय, असू दे, ठेव." तो पुडा अजून फडताळात आहे.

पावणे यायचे असले, लग्नाला जायचं असलं, की आम्ही मेडिकलमधून आणायचो. रोज ते आम्हाला झेपत नव्हतं. रोजच्यासाठी मी जिनिंगमधली खाली पडलेली रुई आणायचो. शिवकन्या जुन्या लुगड्यात ती भरून पट्ट्या शिवायची. खाली युरियाची दोन पोती उसवून, धुऊन, जोडून घातली होती. ओल्या रुईचा गोळा होतो, आणि धुतल्यावर ती लवकर वाळत नाही. माय म्हणायची, दारात वाळू घालू नका, बाया बघतात. मग गोठ्यामागच्या तारेवर घालायचो. अर्धवट वाळलेल्या पट्ट्यांनी तिच्या मांड्यांना फोड आले. मग ताप आला.

तेव्हा तू म्हणालास, ॲडमिट करा, ॲडमिट केलं की सगळं विम्यात बसतं. तुझं ते म्हणणं बरोबर होतं, मी नाही म्हणत नाही. बीडला दवाखान्यात ठेवलं. तिथली सिस्टर न सांगता डायपर बदलायची, पावडर लावायची. माय मला म्हणाली, "शहादेवा, मला हितंच ठेव. हितं कोरडं हाय."

सुट्टी झाली त्या दिवशी तुझा फोन आला. तुझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

"ऐक, विमावाल्यांनी बिलातून काय काय कापलंय. डायपर, अंडरपॅड, ग्लोव्हज. अरे यादीच असते त्यांची. कॅरी बॅग, फोनचं बिल, ब्युटी पार्लर आणि आपल्या मायचं डायपर, सगळं एका रांगेत!" तू हसलास.

मी विचारलं, "दादा, घरी गेल्यावर काय करायचं?"

"करायचं काय? संध्याकाळनंतर पाणीच देऊ नका तिला. पाणी नाही तर लघवी नाही. मिटला विषय." मागून वहिनी काहीतरी बोलल्या आणि तू परत हसलास.

तेव्हा फोन कुठं होता, हे मी तुला कधी सांगितलं नाही. मी दोन्ही हातांनी फाइलला कागद लावत होतो. फोन स्पीकरवर लावून मायच्या उशाशी ठेवला होता.

ती जागी होती.

त्या उन्हाळ्याबद्दल मला लिहायचं नव्हतं. कीर्तनाला कोणते बुवा आणायचे, मंडप कुणाचा, एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो. पण तुझं ते "काही कमी पडू दिलं नाही" वाचल्यापासून मला घास गोड लागत नाही.

तू थोरला. तिच्या लेखी तुझा शब्द डॉक्टरच्या वरचा. बीडहून घरी येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "अंगद म्हणला ते बराबर हाय." मला वाटलं विम्याचं म्हणतेय.

शिवकन्या रोज तिच्या उशाशी तांब्या भरून ठेवायची. खाट खिडकीला लागून होती, तुला माहीतच आहे. मी विचारायचो, "माय, पाणी पिलीस का?" ती म्हणायची, "पिले की. बघ की, तांब्या रिकामा हाय." तांब्या खरंच रिकामा असायचा. आणि गोधडी कोरडी राहायला लागली. शिवकन्या म्हणाली, आत्याबाईंना आराम पडला. मलाही बरं वाटलं, हे लपवत नाही. तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "बघ, मी म्हणलं नव्हतं?" तूही खूश झालास.

त्या वैशाखात आपल्या दारात गवताची काडी हिरवी नव्हती. पण मायच्या खिडकीखाली भोपळ्याचा एक वेल आपोआप आला आणि भिंत धरून वर चढला. चतुरामावशी नांदूरघाटहून मायला भेटायला आली तेव्हा म्हणाली, "कावून एवढा हिरवा हाय गं ह्यो? कोण पाणी घालतंय?" शिवकन्या म्हणाली, कुणी नाही. मावशी म्हणाली, "आमच्या तुळजाबाईच्या हाताला गुण हाय, नुसती खिडकीत बसली तरी वेल येतोय." माय भिंतीकडं तोंड करून पडली होती. शिवकन्येनं त्या फुलांची भाजी केली, ती मायनं खाल्ली नाही.

मग एके दिवशी ती बरळायला लागली. डॉक्टरनं पहिलं हेच विचारलं, "पाणी पीत नव्हत्या का?" मी म्हणालो, "पितात की, तांब्यानं पितात." त्यानं तिची जीभ मला दाखवली. पायतणाच्या तळव्यासारखी झाली होती. किडन्या बसल्या, म्हणाला.

तू पोचलास तेव्हा सगळं संपलं होतं. दवाखान्याच्या दारात तू मला मिठी मारलीस आणि कानात विचारलंस, "पूर्ण दिवस भरला का रे ॲडमिट होऊन? नाहीतर क्लेम बसत नाही." नव्हता भरला, दादा. तेवढं तिच्याच्यानं झालं नाही.

दहावा झाला, तुम्ही पुण्याला गेलात, आणि तो वेल वाळला. एका दुपारी शिवकन्येनं खिडकीतून हाक मारली, "अहो, जरा इकडं या." बाहेरून भिंतीवर खिडकीपासून जमिनीपर्यंत पाण्याचा पांढरा ओघळ उठला होता. खाली वेलाचं वाळलेलं बूड. माय तांब्या खिडकीबाहेर ओतायची. दिवसाही. तू फक्त संध्याकाळनंतर म्हणाला होतास, पण तिला कुठलीच चूक करायची नव्हती.

हे मी कुणालाही बोललो नाही. तुलाही बोललो नसतो. तू पलंग द्यायला निघाला नसतास तर.

परवा चतुरामावशी आली होती. म्हणाली, "पलंग नवा चालतोय, गादी नवी चालतेय. पर तिच्या अंगाखालचं एक तरी पायजे, न्हाईतर तिला पोचत न्हाई. आपल्यात तसंच हाय." गोधड्या आम्ही तेव्हाच जाळल्या. शिवकन्या आत गेली आणि घडी घालून ठेवलेलं अंथरूण घेऊन आली. तिला ते टाकवलं नव्हतं.

मावशीनं घडी उलगडली. "अगं, ह्ये तर खताचं पोतं हाय!"

"व्हय," शिवकन्या म्हणाली. "आत्याबाई याच्यावरच होत्या."

मावशीनं पोत्यावरच्या टाक्यांवरून हात फिरवला आणि पुन्हा पलंगाचं नाव काढलं नाही.

तर तू ये. मी अडवत नाही. पलंग आदल्या संध्याकाळी अंगणात मांडायचा असतो, पावण्यांसमोर. तुझ्या बॅनरवर आहे ते सगळं आण. गादी तू घाल, त्याच्यावर अंथरूण मी घालीन. छापील नाव वरच्या बाजूला येईल असं घालीन. कुणी विचारलं तर सांगीन. मी कधी चारचौघांत बोलत नाही, त्यामुळे सगळे गप्प बसून ऐकतील.

आणि उशाशी पाण्याचा तांब्या ठेवतात, तो थोरल्या लेकानं भरायचा असतो. तिचाच तांब्या आहे, शिवकन्येनं घासून ठेवलाय. हे जमणार नसेल तर तुझा पलंग बीडच्या दुकानातच राहू दे, आम्ही चार माणसांत पिंड ठेवून मोकळे होऊ.

जमणार असेल तर दिवस मावळल्यावर तांब्या भर. काठोकाठ भर. तिच्या उशाशी ठेव, आणि त्या दिवशी स्पीकरवर बोललास तेवढ्याच मोठ्यानं म्हण, माय, पी.

मायचा धाकटा,
शहादेव