उलटा डोंगर, सरळ नाव

४ नोव्हेंबर
संग्रहालयातल्या जुन्या पेटीत समुद्रकाठच्या एका गावाचं चित्र निघालं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. होड्या, वाळत घातलेली जाळी, डावीकडे डोंगर. खाली इंग्रज चित्रकाराचं नाव. साल नाही. ते शोधून सूचीत चढवणं माझं काम. समुद्र मी अजून पाहिलेला नाही, पण त्यानं काय अडतं.

७ नोव्हें.
त्याच गावाचा जुना फोटो मिळाला. फोटोत डोंगर उजवीकडे! आमच्या विभागप्रमुख सरांनी एकदाच पाहिलं. "नक्कल आहे मॅडम. काहून वेळ घालवून राहिल्या? काढायच्या यादीत टाका." समितीनं यादी पास केली की चित्र संग्रहाबाहेर. नाही टाकलं.

९ नोव्हें., रवि.
खाप्याला, घरी. बाबांना मोबाइलवर दाखवलं. जन्मभर त्यांनी भांड्यांवर नावं घातली, विणकरांना गठ्ठ्यांवर मारायचे पितळी ठसे कोरून दिले. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "ठशाचंच काम हाय ना वं हे? मंग छापल्यावर डोंगर तिकडंच जाईन."
म्हटलं, नाव तर सरळ आहे.
"नाव मानूस ध्यान ठेवून उलटं कोरते. डोंगराले कोन विचारते?"
लहानपणापासून ठसे पाहतेय, आणि मला सुचलं नाही. लाज वाटली.

१० नोव्हें.
पर्समधला आरसा चित्रापुढे धरला. डोंगर उजवीकडे, हुबेहूब फोटोसारखा. छापावरून कुणी नक्कल कोरली असती तर तो पुन्हा उलटून उजवीकडेच आला असता. शिवाय फोटोत दगडी धक्का आहे, चित्रात नाही. म्हणजे चित्र धक्क्याआधीचं. धक्का कधी बांधला, तिथल्या ग्रंथालयाला मेल केला.
सरांना सगळं सांगितलं, बाबांचंही. "मीच टाकलं यादीत. यादी वर गेली. सही करा." करणार नाही म्हटलं. "कंत्राट मार्चपर्यंतच आहे ना तुमचं?" आहे. आठवण करून द्यायची गरज नव्हती.

१४ नोव्हें.
मेलला उत्तर नाही. सूचीत शाईनं लिहिलं: मूळ छाप. धक्का बांधण्याआधीचा. नेमकं साल शोधणं चालू. खाली माझी सही, पूर्ण नावानिशी.
सोमवारी समिती. सर जाता जाता म्हणाले, "तिथं काय, वडिलांचा दाखला देणार?"
देणार. खाप्याचे ठसेवाले, असंच सांगणार. आरसा पुसून पर्समध्ये ठेवलाय.