मलकापूर गाडीची दोरी

शाहूपुरी, कोल्हापूर
दि. ९ फेब्रुवारी १९९७

ती. आक्काच्या पायाशी धाकट्या आकारामचा सा. न. वि. वि.

त्या दिवशी सकाळी मी काय केलं ते तुला आज लिहितो. गेल्या वर्षी पौषात आपण दोघं मलकापूरहून पंचगंगा परिवहन मंडळाच्या गाडीनं निघालो. तू लेकीकडे जायला रंकाळ्याच्या थांब्यावर उतरणार होतीस, मी पुढं शाहूपुरीला गुळाच्या पेढीवर. गाडी खच्चून भरलेली. कंडक्टर पुढं गर्दीत तिकिटं फाडत अडकलेला. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. कंडक्टर अडकला की दोरीजवळचा माणूस डबल बेल देतो आणि गाडी निघते. माझी जागा नेहमी दोरीखालची. वीस वर्षं मी ही सेवा करत आलो, आणि खरं सांगायचं तर मला तिचा थोडा अभिमानच होता.

खालच्या कुणीतरी तुझी पाटी उतरवून घेतली. ती मला खिडकीतून रस्त्यावर दिसली. पाटी उतरली म्हणजे आक्का उतरली, असं मी धरून चाललो. तू अजून शेवटच्या पायरीवर पदर सावरत असशील हे डोक्यातच आलं नाही. दोरी दोनदा ओढली. गाडीनं हिसका दिला, तू पडलीस, डावं मनगट मोडलं.

तू रस्त्यावर बसून कंडक्टरला शिव्या दिल्यास. सगळी गाडी त्याच्यावर धावली. मी तुझा हात धरून गप्प राहिलो, तो आजपर्यंत. तू अपघात कोर्टात मंडळावर दावा लावलास, मंडळानं त्या संगमेश कंडक्टरला घरी बसवून चौकशी लावली. आता बारा मार्चला माझी साक्ष आहे. बेल कंडक्टरनं दिली असं सांगायचं, हे आपल्या गणपतराव वकिलांनी माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं. कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळात वर्षभर घंटेकडं हात जातो आणि तसाच खाली येतो. शपथ घेऊन खोटं बोलणं मला जमेल असं वाटत नाही. तू काय म्हणतेस ते कळव.

लोभ आहे तो मोडू नये. मनगट मोडलं तेवढं पुरे.

तुझा आकाराम

मलकापूर
दि. १६ फेब्रुवारी १९९७

चि. आकारामास उजव्या हाताचे आशीर्वाद. डावा अजून रागात आहे.

पत्र वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. तुझ्या दाजींना दाखवलं न्हाय, न्हायतर ते दिवाळीपर्यंत हसत बसतील. लहानपणी तू गोठ्याचं दार लावायचास तेव्हा आत आक्का आहे का म्हशी एकट्याच, हे कधी बघायचा नाहीस. पन्नाशीला टेकलास तरी तेच.

मी दावा का लावला ते विसरलास काय? मंडळानं लिहून दिलं की सदर वृद्ध महिलेनं घाईघाईनं चालत्या गाडीतून उडी मारली. पंचावन्न वर्षांची मी वृद्ध, आणि उडी मारणारीही मीच. त्या दिवसापासनं मी त्यांच्या गाडीत पाय ठेवला न्हाय, वडापच्या खासगी जीपमधनं धूळ खात जाते. ते वाक्य खोडल्याशिवाय मला चैन पडायचं न्हाय.

गणपतरावांना आडून विचारलं, समजा एखाद्या उतारूनंच बेल दिली असली तर? ते म्हणाले, दावा आपटेल, मंडळ हात झटकून मोकळं होईल. तेव्हा तोंड मिटून राहा. पाप लागलं तर निम्मं माझ्या नावावर घाल.

जेवण वेळेवर करत जा. शहाणपण असंच अधूनमधून सुचू दे, रोज नको.

तुझी आक्का

शाहूपुरी
दि. २५ फेब्रुवारी १९९७

ती. आक्कास सा. न.

तू तोंड मिटायला सांगितलंस, पाय बांधायला नाही. म्हणून परवा इचलकरंजीला जाऊन आलो. संगमेश तिथं यंत्रमागावर कामाला लागला आहे. त्याच्या आई शिवगंगाबाईंना आधी मी मंडळाचाच माणूस वाटलो, त्यांनी दारातूनच परत पाठवायचं ठरवलं होतं. पडलेल्या बाईंचा भाऊ म्हटल्यावर घाबरतील असं मला वाटलं, तर त्यांनी गूळपाणी दिलं आणि पहिला प्रश्न तुझ्या मनगटाचा विचारला. थंडीत कळ येते म्हटल्यावर फळीवरची तेलाची बाटली काढून हातात दिली. ती या पत्राबरोबर वडापवाल्याकडे देतो आहे.

संगमेश पाळी सुटून आला. चौकशीत बेल कुणी दिली असं विचारलं, तो ठाऊक नाही म्हणाला, म्हणून खोटं बोलतो असा शेरा मारला. तुझ्या दाव्यातल्या साक्षी झाल्या की त्या बघून मंडळ त्याचं काय ते ठरवणार. म्हणजे माझ्या जबाबावर त्याची नोकरी आहे. तो मला म्हणाला, पावणं, कुणी ओढली असंल त्यानं मला मदत म्हणूनच ओढली असंल की. मी मान खाली घालून चहा प्यायलो. तिथंही बोललो नाही, आक्का.

तुझ्या रागासकट लोभ असावा.

आकाराम

मलकापूर
दि. ४ मार्च १९९७

चि. आकारामास आशीर्वाद, या खेपेला दोन्ही हातांचे.

तेल लावते आहे. वास असा आहे की दाजी बाहेर सोप्यात झोपायला गेले, पण कळ थांबली. मी तीन दिवस तुझ्यावर चिडून बसले होते. मग मनात आलं, त्या बाईनं माझ्या हाताला तेल पाठवायचं आणि मी तिच्या लेकाच्या पोटावर पाय द्यायचा, हे काय बरं न्हाय. मीही त्याला भर रस्त्यात नको ते बोलले आहे.

सांगून टाक. दावा आपटला तर आपटू दे. पण अट एक. आक्कानं उडी मारली न्हाय हे आधी सांगायचं, बेलचं मागनं. माझा जबाब झालेला आहे आणि म्हैस व्यायला झाली आहे, म्हणून मी येत न्हाय. घाबरून आडवं काही बोलू नकोस.

माया आहेच, ती काय लिहून वाढायची न्हाय.

आक्का

शाहूपुरी
दि. १२ मार्च १९९७

ती. आक्कास सा. न. दाजींना नमस्कार, म्हशीचं कळव.

बोललो. आता कोर्टातूनच आलो. गणपतराव माझ्याशी बोलत नव्हते, पण दुपारनंतर बोलू लागले. झालं असं की माझा जबाब ऐकून मंडळाचे वकील फार खूश झाले. गाडी उभी होती, बेल तुम्हीच दिली, असं माझ्याकडून पुनःपुन्हा वदवून घेतलं. न्यायाधीश म्हणाले, गाडी उभी होती तर तुमच्या त्या उडीचं काय? वकिलांना ते वाक्य मागं घ्यावं लागलं. साहेबांनी तशी नोंद करून घेतली. तुझी उडी गेली, आक्का. वृद्ध मात्र अजून तसंच आहे.

मग साहेबांनी मला विचारलं, वीस वर्षांत दोरीला हात लावू नका असं कुणी सांगितलं का? मी म्हटलं, नाही, उलट शाबासकी मिळायची. दाराकडं बघायचं काम कुणाचं, असं त्यांनी मंडळाच्या अधिकाऱ्याला विचारलं, तर तो छताकडं बघू लागला. दोष मंडळाकडंही जातो म्हटल्यावर गणपतरावांना धीर आला. निकाल पुढच्या महिन्यात. काय लागेल ते सांगता येत नाही.

संगमेश मागच्या बाकावर होता. त्यानं माझ्या जबाबाची नक्कल त्याच्या चौकशीसाठी मागितली आहे. बाहेर आल्यावर तो म्हणाला, बेल तुम्ही दिली, शिव्या मी खाल्ल्या, आता चहा तरी तुम्ही पाजा. दोन वेळा पाजला.

तू विचारशील, तुला बोलायला जमलं कसं. पिंजऱ्यात उभा राहिलो. कठडा धरला, मनात मारुतीचं नाव घेतलं. तुझ्या अटीप्रमाणं आधी म्हटलं, गाडी उभी होती, माझी बहीण शेवटच्या पायरीवर होती, तिनं उडी मारली नाही. गणपतरावांनी मान हलवली आणि बेल कुणी दिली ते विचारलं. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. मागच्या बाकाकडं बघून सांगितलं, "साहेब, कंडक्टरनं दिली नाही. दोरी मी ओढली."

तुझा आकाराम